लहान कारखान्याने सरकारी निविदा जिंकावी तरी कशी? (तीनदा हरलेल्याचा प्रश्न)

सांवेररोडवाला :
नमस्कार. इंदूरला सांवेर रोडच्या औद्योगिक क्षेत्रात माझा शीट मेटलचा लहान कारखाना आहे. लोखंडी कपाटे, फाइलींचे रॅक आणि रुग्णालयात खाटेशेजारी ठेवतात ते लॉकर आम्ही बनवतो. माझ्यासह अकरा माणसे आहेत. पत्रा कापण्या-वाकवण्याची यंत्रे आणि पावडर कोटिंगची भट्टी स्वतःची आहे. वडिलांच्या काळापासून आमचा बहुतेक माल सियागंजातले दोन व्यापारी उचलतात. गेल्या वर्षी एका सरकारी कार्यालयात स्वतःच्या कामासाठी गेलो असता तिथल्या कपाटाचे दार सहज उघडून पाहिले, तर बिजागराच्या मागे आमच्याच कारागिराची आडवी वेल्डिंगची रेघ होती. दारावर स्टिकर मात्र दुसऱ्याचा होता. हा माल आपणच थेट का विकू नये, या विचाराने मी जेमवर (सरकारी खरेदीच्या केंद्रीय संकेतस्थळावर) नोंदणी केली आणि आठ महिन्यांत तीन निविदा भरल्या.

पहिल्या दोन तांत्रिक छाननीतच बाद झाल्या, म्हणजे माझा दर कोणी उघडूनसुद्धा पाहिला नाही. तिसरीत दर उघडले गेले तेव्हा मी तिसऱ्या क्रमांकावर होतो आणि सर्वांत कमी दरापेक्षा सुमारे तेरा टक्क्यांनी महाग होतो. लघुउद्योगांना पंधरा टक्क्यांपर्यंत काही सवलत असते असे ऐकून होतो, पण मला कोणी विचारलेही नाही. दर आणखी उतरवावा, एखादा मधला माणूस धरावा, की हा नादच सोडावा? ज्यांनी प्रत्यक्ष ठेके घेतले आहेत त्यांनी आपले अनुभव सांगावेत, ही विनंती.

खडूस_इंदूरकर :
नाद सोडावा. मी दोन वर्षे हा उद्योग करून पाहिला आहे. एका कार्यालयाच्या निविदेत टेबलाच्या खणाची खोली ४३७ मिलिमीटर मागितली होती. जगात कोण ४३७ मिलिमीटरचा खण बनवतो? ज्याच्याकडे तो आधीच बनलेला आहे, तोच. बाकीचे आपण केवळ स्पर्धा झाली असे दिसावे म्हणून रांगेत उभे राहतो.

नारायणबाग :
खडूसराव, आमच्या घरच्या लग्नात केटररसुद्धा एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दरवाल्याला काम, या पद्धतीनेच ठरवला होता. श्रीखंड तांत्रिक लिफाफ्यात बाद झाले आणि वऱ्हाडाला बटाट्याच्या भाजीचे पुनर्निविदाकरण करावे लागले.

आकडेमोड :
सांवेररोडवाला, दराविषयी बोलण्यापूर्वी तीन गोष्टी सांगाव्यात. पहिल्या दोन निविदा बाद होताना कारण म्हणून नेमके कोणते शब्द लिहिले होते? आपल्या उद्यम (लघुउद्योग नोंदणीच्या) प्रमाणपत्रावर ‘मुख्य क्रिया’ या रकान्यात काय नोंदलेले आहे? आणि तिसऱ्या निविदेत पहिला आलेला पुरवठादार स्वतः लघुउद्योग होता का? मी सनदी लेखापाल आहे आणि पोलोग्राउंड परिसरातल्या बऱ्याच कारखान्यांची कागदपत्रे पाहतो. माझ्या समोर येणाऱ्या बहुतेक हरलेल्या निविदा कारखान्यात हरलेल्या नसतात, त्या टेबलावर हरलेल्या असतात.

सांवेररोडवाला :
पहिल्या निविदेत ‘बयाणा रक्कम भरलेली नाही, सवलतीस पात्र नाही’ असे कारण होते. निविदेसोबत भरायच्या या अनामत रकमेतून मी लघुउद्योग म्हणून सूट मागितली होती. दुसऱ्या निविदेत ‘उलाढालीचे प्रमाणपत्र पडताळता आले नाही’ असे लिहिले होते. तिसऱ्या निविदेतील पहिल्या पुरवठादाराविषयी मला माहिती नाही. उद्यम प्रमाणपत्र २०२२ मध्ये कॉलनीतल्या ऑनलाइन सेंटरवाल्याकडून चारशे रुपये देऊन काढले होते. आता शोधून पाहतो.

निवृत्त_भांडारपाल :
धागा वाचून राहवले नाही. मी एका केंद्रीय संस्थेच्या भांडार व खरेदी विभागात एकतीस वर्षे होतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूचे चार शब्द सांगतो.

आमच्या उमेदीच्या काळात डीजीएसअँडडी नावाचे दिल्लीचे खाते दरकरार करीत असे. त्या यादीत नाव लागणे ही लहान कारखानदाराला न परवडणारी यात्रा होती. ऑगस्ट २०१६ मध्ये जेम सुरू झाले, ऑक्टोबर २०१७ मध्ये ते जुने खाते बंद झाले, आणि २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील १४९ व्या नियमाने, जी वस्तू जेमवर मिळते ती केंद्रीय कार्यालयांनी तिथूनच घेणे बंधनकारक केले. दार उघडले हे खरे. परंतु दाराशी उभा असलेला माणूस बदलला नाही. खरेदी अधिकारी उत्तम कपाट शोधत असतो, हा आपला गोड गैरसमज आहे. दोन वर्षांनी लेखापरीक्षक फाइल उघडेल तेव्हा टिकेल असा निर्णय तो शोधत असतो.

छाननीच्या दिवशी प्रत्यक्ष काय होते ते सांगतो. एक तक्ता केलेला असतो. डावीकडे निविदेतील अटी एकाखाली एक, वर पुरवठादारांची नावे, आणि प्रत्येक चौकटीत ‘आहे’ किंवा ‘नाही’ आणि त्यापुढे कागदाचा पान क्रमांक. समितीत तिघे असतात. त्यांतील एकाला कपाटांतले काही कळत नाही, एकाला घरी जायचे असते आणि तिसरा मी. तुमच्या एकशे दहा पानांच्या फाइलीत तीन वर्षांचा ताळेबंद पान सत्तावीसवर आहे की एक्याण्णववर, हे शोधण्याची इच्छा संध्याकाळी पाच वाजता कोणाला असते? ज्या पुरवठादाराने अट क्रमांक, कागदाचे नाव आणि पान क्रमांक अशी एक पानाची अनुक्रमणिका सर्वांत वर लावलेली असे, त्याचा रकाना दहा मिनिटांत भरून होई. मी त्याला झुकते माप दिले असे नाही, पण तो चुकून बाद होण्याची शक्यताच उरत नसे.

खडूसरावांच्या ४३७ मिलिमीटरविषयी माझे मत असे आहे, की अशा निविदा असतात. नसतात असे म्हणणारा माणूस खरेदी विभागात बसलेला नाही. मात्र निम्म्या वेळा त्यामागे कट नसून आळस असतो. कनिष्ठ लिपिकाने एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकातील मापे जशीच्या तशी उतरवलेली असतात. निविदा भरण्यापूर्वी शंका विचारण्याची जी मुदत असते, तिच्यात ‘४३७ ऐवजी ४२५ ते ४५० चालेल का?’ असे लेखी विचारले, तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर फाइलीत राहते. माझ्या एकतीस वर्षांत अशा प्रश्नांमुळे शुद्धिपत्रक काढावे लागल्याचे प्रसंग डझनावारी आहेत. मुदत संपल्यावर केलेली तक्रार ही हरलेल्याची तक्रार म्हणूनच वाचली जाते.

खडूस_इंदूरकर :
काका, आपण प्रामाणिक असाल. मी ज्यांना भेटलो ते आळशी नव्हते, चांगले उद्योगी होते. मी शंका विचारली होती. ‘निविदेतील अटी पाहाव्यात’ असे एका ओळीचे उत्तर आले.

निवृत्त_भांडारपाल :
तेही होते. अशा वेळी ती निविदा सोडून द्यावी आणि आपला वेळ पुढच्या निविदेला द्यावा. निकालानंतर माहितीच्या अधिकारात तुलनात्मक तक्ता मागता येतो. त्याने गेलेला ठेका परत येत नाही, पण त्या कार्यालयात पुन्हा पाऊल ठेवायचे की नाही, हे कळते.

सुईदोरा :
सांवेररोडवाला दादा, मी सुदामा नगरात राहते आणि रुग्णालयांसाठी चादरी, उशांचे अभ्रे आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे गाऊन शिवून देण्याचे माझे युनिट आहे. चौदा बायका आणि नऊ यंत्रे आहेत. आपण पहिल्याच वर्षी थेट मोठ्या निविदांना हात घातलात, तिथेच मला घाई दिसते.

माझी पहिली सरकारी मागणी १८,४०० रुपयांची होती. ती निविदा नव्हतीच. लहान रकमेची खरेदी अधिकारी जेमच्या यादीतून थेट करू शकतात, तशी ती होती. त्या मागणीसाठी मी यादीत टाकलेल्या चादरीच्या छायाचित्रावर एक अख्खा दिवस घालवला होता. कापडाचा धाग्यांचा आकडा, धुतल्यानंतर किती आटते आणि शिलाईच्या टाक्यांची घनता, हे सगळे स्पष्ट लिहिले होते. त्या मागणीत मला नफा जेमतेम दोन हजारांचा झाला असेल. पण माल मिळाल्याचे आणि तो स्वीकारल्याचे प्रमाणपत्र हाती आले. अशी सात प्रमाणपत्रे जमल्यावर मी पहिली मोठी निविदा भरली, तेव्हा ‘पूर्वानुभव’ या रकान्यात लिहिण्यासारखे काही तरी होते. लघुउद्योगांना पूर्वानुभव आणि उलाढाल यांत शिथिलता देता येते, असे नियम म्हणतो. पण ती द्यायची की नाही हे निविदेत लिहिलेले असते, आणि लिहिलेले नसेल तर ती मिळत नाही.

आणखी एक गोष्ट बायकांच्या बाबतीत सांगते. केंद्राच्या खरेदी धोरणात लघुउद्योगांकडून २५ टक्के खरेदी करावी आणि त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून असावी, असे आहे. ओळखीपाळखीत सगळे म्हणतात, ‘तुला काय, तुझी तर राखीव जागा आहे.’ ती राखीव जागा नाही. खात्याने वर्षभराच्या एकूण खरेदीत गाठायचे ते लक्ष्य आहे. एखाद्या निविदेत माझा दर जास्त असताना ‘मी महिला आहे, मला द्या’ असे मला म्हणता येत नाही. नवऱ्याच्या कारखान्यावर कागदोपत्री बायकोचे नाव लावून बसलेल्यांनाही हे अजून कळलेले दिसत नाही.

आकडेमोड :
ताईंनी फार नेमके लिहिले आहे. त्याला जोडून पंधरा टक्क्यांचा विषय मोकळा करतो, कारण त्याविषयी जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशाविषयी असतील.

हे धोरण २०१२ चे आहे. तेव्हा लक्ष्य २० टक्के होते, एप्रिल २०१५ पासून ते बंधनकारक झाले आणि २०१८ मध्ये २५ टक्क्यांवर गेले. त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांकडून अपेक्षित आहेत. समजा, सर्वांत कमी दर दहा लाखांचा आला आणि तो देणारा लघुउद्योग नाही. आपण सूक्ष्म किंवा लघु उत्पादक आहात आणि आपला दर अकरा लाख तीस हजार आहे, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आत आहे. अशा वेळी आपल्याला विचारले जाते, की दहा लाखांच्या दराने माल द्याल का? आपण होकार दिलात, तर एकूण मागणीचा किमान चौथा हिस्सा आपल्याला मिळू शकतो. मागणीचे तुकडे पाडता येत नसतील तर ती पूर्णच मिळू शकते. म्हणजे ही दरातील सवलत नाही. माल शेवटी कमी दरानेच द्यावा लागतो. आणि पहिला आलेला स्वतः लघुउद्योग असेल, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

शिवाय हे सर्व केंद्रीय मंत्रालये, त्यांची खाती आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्या यांच्यापुरते आहे. राज्याच्या खात्यांचे भांडार क्रय नियम वेगळे आहेत. एमपीटेंडर्स या राज्याच्या संकेतस्थळावरची निविदा वाचताना केंद्राचे धोरण डोक्यात ठेवून दर भरू नये.

मंजिरी_बडोदा :
बडोद्याहून लिहिते आहे. माहेर इंदूरचे, रामबागेतले. आमचा मकरपुरा येथील औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरला लागणाऱ्या पितळी आणि तांब्याच्या जोडभागांचा कारखाना आहे. इथे वीज कंपन्यांची मुख्यालयेच गावात असल्यामुळे प्रत्येक दुसऱ्या कारखानदाराला आपण पुरवठादार व्हावे असे वाटते. राज्याच्या निविदा एन-प्रोक्योर या संकेतस्थळावर असतात, रेल्वेच्या आयआरईपीएस या संकेतस्थळावर. दोन्हींची रीत वेगळी, नोंदणी वेगळी.

आमच्या धंद्यात दर ही शेवटची पायरी असते. आधी मालाची प्रकार-चाचणी (त्या प्रकारच्या मालाच्या नमुन्याची तपासणी) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावी लागते. आमच्या सुदैवाने ‘एर्डा’ ही विद्युत उपकरणांची चाचणी संस्था मकरपुऱ्यातच आहे, पण चाचणीसाठी नंबर लागणे, नमुना नापास झाल्यास पुन्हा बनवणे आणि शुल्क, हे सगळे निविदा निघण्याच्या आधी झालेले असावे लागते. निविदा निघाल्यावर एकवीस दिवसांत हे होत नाही. रेल्वेच्या सुरक्षेशी संबंधित वस्तूंसाठी लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेच्या मान्यताप्राप्त यादीत नाव लागावे लागते आणि त्याला वर्षही जाऊ शकते. म्हणून सांवेररोडवाला भाऊ, आपल्याला थेट दोन-तीन महिन्यांत ठेका हवा असेल तर कपाटांचाच धंदा बरा. त्यात प्रयोगशाळेची यात्रा कमी.

एक विनंती : डिजिटल स्वाक्षरीचे टोकन निविदा भरण्याच्या आठ दिवस आधी लावून पाहावे. आमची एक निविदा शेवटच्या दिवशी दुपारी सव्वादोनला, टोकनची मुदत आदल्या रात्री संपली होती म्हणून गेली. अंतिम वेळ तीनची होती. सहा आठवड्यांची मेहनत आणि चाचणीचा अहवाल हातात घेऊन मी संगणकाकडे बघत बसले होते.

लष्करवाला_ग्वाल्हेर :
ठेका मिळणे ही अर्धी गोष्ट झाली. पैसे कधी मिळतात, ते कोणी का लिहीत नाही? माझे एका कार्यालयाकडे चौदा महिन्यांपासून सहा लाख अडकले आहेत.

निवृत्त_भांडारपाल :
लष्करवाले, आपला माल स्वीकारल्याचा लेखी पुरावा आहे का? तो नसेल तर बाकी सर्व वाद फुकट आहे.

लष्करवाला_ग्वाल्हेर :
आहे. तारखेसह शिक्का आहे.

आकडेमोड :
मग २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियमाच्या पंधराव्या आणि सोळाव्या कलमांचा आधार घ्यावा. लेखी करारात काहीही लिहिलेले असले तरी देयकाची मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. बँक दर ६.७५ टक्के होता तेव्हा हा आकडा २०.२५ टक्के येत होता. अशा अर्जांसाठी २०१७ मध्ये ‘समाधान’ संकेतस्थळ सुरू झाले. अर्ज राज्याच्या सुविधा परिषदेकडे जातो. परिषदेचा निवाडा आपल्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला तो न्यायालयात आव्हानित करायचा असेल, तर त्याला निवाड्याच्या रकमेपैकी ७५ टक्के आधी भरावे लागतात. हीच या कायद्याची खरी धार आहे. मात्र उद्यम नोंदणी मालाच्या पुरवठ्याआधीची असावी. नंतर धावपळ करून काढलेल्या नोंदणीवर वाद होतात.

सुईदोरा :
कायदा बरोबर आहे. पण ज्या कार्यालयावर अर्ज करायचा, त्याच कार्यालयाकडून पुढची मागणीही हवी असते. मी आजवर एकदाही ‘समाधान’वर गेलेली नाही, एकदा फक्त अर्जाचा मसुदा छापून लेखा शाखेतील साहेबांना ‘हे असे काही असते म्हणे’ म्हणून दाखवला होता. नऊ दिवसांत पैसे आले.

खडूस_इंदूरकर :
ताई, आपल्याला माझे साष्टांग दंडवत.

नारायणबाग :
आता माझी एक फजिती सांगतो, कारण या धाग्यात अजून कोणी निविदा जिंकून रडलेले दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी शाळांसाठी लाकडी-लोखंडी बाकांची निविदा जिंकली. दुसऱ्यापेक्षा माझा दर नऊ टक्क्यांनी कमी होता. घरी पेढे वाटले. मग मागणीपत्र नीट वाचले. माल एका ठिकाणी नव्हे, तर सव्वीस ठिकाणी पोचवायचा होता : झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन आणि त्यांच्या आतल्या गावांत. निविदेत ते सातव्या पानावर परिशिष्टात होते. मी पाच पाने वाचली होती. इंदूरमधल्या एका गोदामापर्यंतचे टेम्पोचे भाडे धरून दर भरला होता. अलीराजपूरच्या पुढे एका गावी सहा बाक न्यायला जे भाडे लागले, त्यात इंदूरमध्ये चार नवे बाक झाले असते. तिथे मुख्याध्यापक रजेवर होते आणि पावतीवर सही करायला दुसरे कोणी तयार नव्हते, म्हणून टेम्पोवाल्याने रात्र शाळेच्या ओट्यावर काढली आणि एका मुक्कामाचे जादा भाडे घेतले.

माघार घ्यावी असे मनात आले होते. पण जिंकल्यावर माघार घेतली तर निविदेतील अटींप्रमाणे पुढे ठरावीक काळ बोली लावण्यास मनाई होऊ शकते. सगळा माल पोचवला आणि पावणेदोन लाखांचा तोटा सोसला. तेव्हापासून मी निविदा शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करतो.

मंजिरी_बडोदा :
शेवटच्या पानापासून वाचणे ही युक्ती खरोखरच चांगली आहे. खरेदीदाराने स्वतः जोडलेल्या जादा अटी तिथेच असतात.

निवृत्त_भांडारपाल :
विषयाला सोडून एक शंका. इथे कोणी ‘बयाणा’ लिहिते, माझ्या कार्यालयात हिंदीतून ‘धरोहर राशी’ चालत असे, महाराष्ट्रातले भाचे ‘इसारा’ म्हणतात आणि व्यापारी सगळे ‘ईएमडी’. इंदूरच्या मराठीत नेमका कोणता शब्द रूढ मानावा?

नारायणबाग :
काका, परत मिळते तेव्हा ती बयाणा रक्कम. परत मिळत नाही तेव्हा तिला जे म्हणतात ते इथे लिहिता येत नाही.

आकडेमोड :
शब्द कोणताही असो, सूट फक्त तिच्यापुरती आहे, हे लक्षात ठेवावे. ही रक्कम साधारण निविदेच्या अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते आणि सूक्ष्म व लघु उत्पादकांना ती माफ होते. ठेका मिळाल्यावर द्यावी लागणारी कार्यपूर्तीची हमी मात्र माफ होत नाही. बँक हमी देताना बहुधा मुदतठेव अडकवायला सांगते. दहा लाखांच्या ठेक्यासाठी पत्रा उधारीवर घ्यायचा, मजुरी रोख द्यायची, हमीचे पैसे अडकवायचे आणि देयकाची वाट पाहायची, यासाठी आपल्या खात्यात किती महिन्यांचा श्वास आहे, हे दर भरण्याआधी मोजावे. शिवाय अडीच लाखांवरच्या ठेक्यांत सरकारी कार्यालये देयकातून २ टक्के जीएसटी कापतात. ती रक्कम आपल्याच रोख खात्यात जमा होते, पण संकेतस्थळावर जाऊन ती स्वीकारावी लागते. आपल्यापैकी किती जणांनी ती स्वीकारलेलीच नाही, हे पाहिले तर आश्चर्य वाटेल.

लष्करवाला_ग्वाल्हेर :
मी स्वीकारलेली नाही. हे आत्ताच कळले.

सांवेररोडवाला :
उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. वडिलांच्या कपाटातून (तेही आमच्याच कारखान्याचे) उद्यम प्रमाणपत्र सापडले. ‘मुख्य क्रिया’ या रकान्यात ‘ट्रेडिंग’ असे लिहिलेले आहे. ऑनलाइन सेंटरवाल्याने वडिलांना विचारले होते, ‘क्या करते हो?’ आणि वडील म्हणाले होते, ‘अलमारी बेचते हैं.’ आम्ही पत्रा कापतो, वाकवतो, वेल्ड करतो, भट्टीत भाजतो. पण सरकारच्या लेखी आम्ही केवळ विकतो. आता पहिल्या निविदेचा अर्थ कळला.

दुसऱ्या निविदेतील उलाढालीचे प्रमाणपत्र आमच्या जुन्या लेखापालांनी लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह दिले होते. त्यावर यूडीआयएन हा पडताळणीचा क्रमांक नाही. तिसऱ्या निविदेत पहिला आलेला पुरवठादार रतलामचा होता आणि जेमवर तो लघु उत्पादक म्हणून दिसतो आहे, म्हणजे पंधरा टक्क्यांचा प्रश्नच नव्हता.

आकडेमोड :
मला हेच अपेक्षित होते. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती आहे. खरेदी धोरणाचे लाभ त्यांना नाहीत. उद्यम संकेतस्थळावर दुरुस्ती विनाशुल्क होते. कारखान्यातील उत्पादनाचे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाचे क्रमांक जोडावेत, मुख्य क्रिया बदलावी आणि जीएसटी नोंदणीतही ‘उत्पादक’ ही नोंद आहे का, ते पाहावे. लेखापालाच्या प्रमाणपत्रांवर अठरा अंकी-अक्षरी यूडीआयएन असणे २०१९ पासून बंधनकारक आहे. अधिकारी तो संकेतस्थळावर टाकून पाहतो आणि सापडला नाही तर ‘पडताळता आले नाही’ असे लिहितो. यात त्याचीही चूक नाही.

खडूस_इंदूरकर :
म्हणजे यात सेटिंग नव्हती, हे मला मान्य करावे लागणार. या एका प्रकरणापुरते.

सुईदोरा :
आणि तेरा टक्क्यांचे काय, दादा? रतलामचा माणूस तुमच्यापेक्षा स्वस्त कसा देतो, ते पाहिलेत का?

सांवेररोडवाला :
पाहिले, ताई. निविदेत ०.८ मिलिमीटरचा पत्रा मागितला होता. आम्ही व्यापाऱ्यांच्या सवयीने सगळीकडे एक मिलिमीटर वापरतो, कारण सियागंजातले ग्राहक दार वाजवून बघतात. लोखंडाचे वजनच आमच्या दराचा मोठा भाग असते. मागितल्यापेक्षा जाड पत्रा दिल्याबद्दल तिथे कोणी एक गुण जास्त देणार नव्हते. त्याउलट पावडर कोटिंगच्या थराची जाडी त्यांनी मायक्रॉनमध्ये मागितली होती आणि ती आम्ही कधी मोजलेलीच नव्हती. आता जाडी मोजण्याचे मीटर आणले आहे. पहिल्या दिवशी आमच्याच कपाटाच्या पाठीवर लावले, तर समोरच्या दारावर ६२ आणि पाठीमागे ३८ निघाले. फवारणाऱ्या मुलाचे म्हणणे असे, की पाठ भिंतीकडे असते, कोण बघतो.

निवृत्त_भांडारपाल :
माझ्याकडे बघणारा एक तपासनीस होता. तो सर्वांत आधी पाठच बघत असे.

नारायणबाग :
नवी निविदा भरली आहे का?

सांवेररोडवाला :
उद्यमची दुरुस्ती झाली आहे. सुईदोरा ताईंच्या सांगण्याप्रमाणे यादीत लॉकरची छायाचित्रे नव्याने टाकली. त्यातून एका संस्थेची चार लॉकरची थेट मागणी आली आणि माल काल पोचवला. पावतीवर तारखेसह सही घेतली आहे. मोठी निविदा एकच निवडली आहे : साठ रॅक, एकच पोचवण्याचे ठिकाण, तेही इंदूरमध्येच. पान क्रमांकांची अनुक्रमणिका तयार आहे. परवा शेवटची तारीख आहे, टोकनही लावून पाहिले आहे. आज रात्री भरून टाकतो.

निवृत्त_भांडारपाल :
आज रात्री भरण्याआधी शुद्धिपत्रक आले आहे का, ते पाहावे. शेवटच्या दोन दिवसांत ते हमखास निघते.

सांवेररोडवाला :
काका, आत्ता पाहिले. दुपारी निघाले आहे. रॅक साठाऐवजी पंच्याऐंशी केले आहेत आणि तारीख आठ दिवसांनी पुढे गेली आहे. अनुक्रमणिका बदलावी लागणार नाही, पण पत्र्याचा हिशेब पुन्हा करायला बसतो.